छात्रालयाची पंगत

वसतिगृहात राहून शिकलेली माणसे म्हातारपणी एकत्र जमली की बोलणे परीक्षेवरून किंवा प्राध्यापकांवरून सुरू होत नाही, ते जेवणावरून सुरू होते. पाणचट वरण, महिन्याअखेरची फीस्ट, आचाऱ्याचा राग, कोठीची किल्ली कुणाकडे असायची, कुणाच्या घरून आलेला लाडवांचा डबा किती वेळ टिकला, याच गोष्टी पुन्हा पुन्हा निघतात. ऐकणारा हे सारे हळवेपणाच्या खात्यावर टाकतो आणि वसतिगृहाचा इतिहास लिहायचा झाला की इमारती, देणगीदार, विद्यार्थिसंख्या आणि अनुदान यांचाच लिहितो. या लेखाचे म्हणणे असे की आठवणी सांगणारी माणसे बरोबर जागी बोट ठेवतात. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांनी, आणि त्यातही वऱ्हाडातल्या छात्रालयांनी, खेड्यातल्या मुलाला शहरात टिकवले ते मुख्यतः त्याच्या ताटाची सोय करून आणि त्या ताटाशेजारी दुसऱ्याचे ताट मांडून. खोली ही त्या मानाने दुय्यम होती. ही गोष्ट नीट समजून घेतली नाही तर आज वसतिगृहांबाबत जे निर्णय होत आहेत, त्यांत काय हरवते आहे तेही कळणार नाही.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले कामरगाव डोळ्यांसमोर ठेवले तर प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. हा काळ्या मातीचा, कोरडवाहू शेतीचा, एकेकाळी कपाशीवर आणि आता मुख्यतः सोयाबीन-तुरीवर चालणारा मुलूख. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेला वऱ्हाड प्रांत १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. वाशीम हा जुना जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून पुन्हा वेगळा निघाला. जिल्ह्याच्या सीमा अशा बदलत राहिल्या, पण शिकणाऱ्या मुलाची वाट फारशी बदलली नाही. गावात मराठी शाळेचे वर्ग झाले की पुढे कारंजा. कारंज्यानंतर अमरावती किंवा अकोला, कारण वऱ्हाडातली सरकारी हायस्कुले बराच काळ याच दोन शहरांत होती. आणि त्याही पुढे नागपूर, नाहीतर पुणे-मुंबई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली. ती घातली गेली कपाशीच्या गाठी बाहेर नेण्यासाठी, पण तिच्यामुळे माणसालाही मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेवर पोहोचता येऊ लागले. १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले, म्हणजे पदवीचे शिक्षणही वऱ्हाडात आले. शाळा होती, कॉलेज होते, गाडीही होती. तरीही कुणब्या-माळ्याचे, बंजाऱ्याचे, महार-मांगाचे पोर अमरावतीला जाऊन शिकत नव्हते किंवा जाऊन परत येत होते, आणि याचे कारण शाळेच्या आत सापडत नाही.

ते सापडते स्वयंपाकघरात. परगावी शिकायला जाण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिच्याजवळ गरीब विद्यार्थ्याला जगवण्याची स्वतःची पद्धतही होती. आठवड्यातल्या सात दिवसांसाठी सात घरी वार लावायचे, नाहीतर माधुकरी मागायची, आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात पडायचे. या पद्धतीने अनेक कष्टाळू, बुद्धिमान मुले शिकली आणि तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ती पद्धत जातीच्या आधारावर उभी होती. वार लावायला शहरात आपल्या जातीची खातीपिती घरे लागतात. ब्राह्मण मुलाला ती मिळत. कुणबी मुलाला अमरावतीत अशी घरे थोडी आणि अस्पृश्य मुलाला जवळजवळ नाहीतच. पैसे मोजून जेवायचे म्हटले तरी खानावळीतही पंक्तिभेद होता. शेतकऱ्याचा मुलगा घरून ज्वारी-तुरीचा शिधा आणू शकत असे, पण तो रांधायचा कुठे आणि कोणी, हा प्रश्न उरत असे. महार मुलासमोर तर पाणी कुठे भरायचे इथपासून सुरुवात होती. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडा करता येतो. संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्यांना हे आधी उमगले त्यांनीच महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ उभी केली.

कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांत अग्रभागी आहेत आणि त्यांनी हा धडा अनुभवातून घेतला. १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून वसतिगृह निघाले, पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. कागदावरची समानता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडली. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. हा विचार कोल्हापूरच्या हद्दीत थांबला नाही. डिसेंबर १९१७ मध्ये शाहू महाराज वऱ्हाडातल्या खामगावला मराठा शिक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. १९२० मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले. संस्थानात १९१७ मध्येच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणारा हा राजा होता. शाळा सक्तीची करणे आणि बोर्डिंग बांधणे ही दोन्ही कामे त्याने जोडीने केली, यातच त्याची समज दिसते.

कामरगावला सर्वात जवळचे उदाहरण मात्र कारंज्यातच आहे. कारंजा लाड हे दिगंबर जैनांचे जुने केंद्र. तिथे भट्टारकांच्या गाद्या होत्या, हस्तलिखितांची भांडारे होती. या गावात १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद यांनी, म्हणजे पुढे आचार्य समंतभद्र म्हणून ओळखल्या गेलेल्या सोलापूरकडच्या साधकाने, महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू केले. विद्यार्थ्यांनी तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे, धर्मशास्त्राबरोबर नव्या विद्याही शिकायच्या, अशी त्याची कल्पना होती. पुढे याच धर्तीवर त्यांनी कोल्हापूरजवळ बाहुबलीला १९३४ मध्ये गुरुकुल उभारले आणि त्यांच्या प्रेरणेने इतर ठिकाणीही गुरुकुले निघाली. जैन आहाराचे नियम काटेकोर असतात; सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळून घेणे. असे नियम पाळणाऱ्या घरातल्या मुलाला परक्या गावी पाठवायचे तर आईबापांची पहिली काळजी त्याच्या जेवणाची असणार. गुरुकुलाने ती काळजी मिटवली म्हणूनच दूरदूरची मुले कारंज्यात येऊन राहिली. म्हणजे धार्मिक अंगाने पाहा की सामाजिक अंगाने, शिक्षणाची वाट शेवटी ताटावरूनच जात होती.

याच कारंज्यात शालेय शिक्षणाचा काही काळ काढलेला एक मुलगा पुढे वऱ्हाडाच्या शिक्षणाचा चेहरामोहरा बदलणारा ठरला. पापळ या अमरावती जिल्ह्यातल्या गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी शाळेची वाट चालत पुढे गेले. पुण्याला आणि तिथून इंग्लंडला पोहोचले. वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, एका पंगतीत जेवावे, हा त्या छात्रालयाचा पाया होता. त्याचा अर्थ कळायला त्या वर्षीची अमरावती पाहावी लागते. १९२७ मध्येच अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न शहरात पेटला होता. नोव्हेंबरमध्ये त्यासाठी अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि पंजाबराव स्वतः त्या लढ्यात होते. देवीच्या गाभाऱ्याचे दार ज्या मुलांना बंद होते, त्यांच्यासाठी त्याच शहरात एका स्वयंपाकघराचे दार उघडले. १९३२ मध्ये पंजाबरावांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे विदर्भभर पसरले. त्या मोठ्या व्यापामागे छात्रालयाचा अनुभव होता, हे विसरता कामा नये.

इथे पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप समोर येतो. बोर्डिंगे जातवार होती. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, महारांचे वेगळे. मग त्यांनी जात मोडली असे कसे म्हणता येईल? उलट त्यांनी प्रत्येक जातीला आपले संघटन, आपला फंड, आपले पुढारी दिले आणि जात अधिक घट्ट केली, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. जातवार बोर्डिंगांतून जातवार राजकारण उभे राहिले, याचे पुरावे कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत सापडतात. पण घटनांचा क्रम लावून पाहिला तर वेगळे चित्र दिसते. १८९६ चा सर्वांसाठीचा प्रयोग फसला, कारण सर्वांमध्ये बसण्याइतके बळ दुबळ्या जातींच्या मुलांत नव्हते. १९०१ ते १९०८ या काळात वेगळी वसतिगृहे निघाली आणि त्या जातींत पहिली शिकलेली पिढी तयार झाली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. म्हणजे एका पिढीच्या आत, वेगळ्या पंगतीत बसलेल्या मुलांमधूनच एकत्र पंगत मांडणारी माणसे निघाली. सातारा आणि अमरावती, दोन टोकांना, जवळपास एकाच वेळी. जातवार बोर्डिंग हा मुक्काम नव्हता, वाटेतली एक पायरी होती. ज्यांनी तिलाच मुक्काम मानले, त्यांना हा आक्षेप लागू पडतो.

पंगत म्हणजे केवळ शेजारी बसणे, असेही नाही. वसतिगृहाच्या मेसचा कारभार जवळून पाहिला तर तो एक छोटा राज्यकारभारच दिसतो. अनेक वसतिगृहांत मेस विद्यार्थीच चालवत. दर महिन्याला एक-दोन मेस सेक्रेटरी निवडायचे. कोठीची किल्ली त्यांच्याकडे. सकाळी आचाऱ्याला पीठ, डाळ, तेल, तिखट मापून द्यायचे आणि वहीत मांडायचे. बाजार त्यांनीच करायचा, भाव त्यांनीच ठरवायचा. कोण किती दिवस गावी गेला, त्याचे खाडे धरायचे. महिन्याअखेरीस एकूण खर्चाला एकूण जेवणांनी भागून दर काढायचा आणि ज्याच्या-त्याच्या नावे बिल लावायचे. बिल थकले की त्या मुलाचे ताट बंद करायचे की नाही, यावर सभा भरायची. शेतकऱ्याच्या घरचा पैसा कापूस विकल्यावर येतो, दर महिन्याला येत नाही, हे त्या सभेतल्या मुलांना कुणी सांगावे लागत नसे. आपल्यातल्याच एकाचे ताट बंद करण्याचा प्रश्न असल्यामुळे नियम आणि माणुसकी यांचा मेळ त्यांना स्वतःच घालावा लागे. साताऱ्याच्या बोर्डिंगात तर मुले स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत सारे स्वतः करत आणि पैसा कमी पडला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासकट, मुलांच्या पोटासाठी दिले. अमळनेरला १९२४ पासून सहा वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी छात्रालयाचे काम पाहताना मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले आणि त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवले. रोज एक हस्तलिखित अंक काढायचा, मुलांनी तो वाचायचा. वर्गातल्या तासाला हे जमणारे नव्हते. सकाळ-संध्याकाळ एकत्र राहण्याने आणि जेवण्यानेच ते शक्य झाले.

अशा एकत्र राहण्यातून काय निघाले याची साक्ष साहित्य आणि राजकारण दोन्ही देतात. डॉ. आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या पहिल्या ठोस कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. ते १९२५ मध्ये सुरू झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या खेड्यांतून आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली. त्याच परिसरात १९६०च्या दशकात गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने दलित साहित्याचे व्यासपीठ तयार झाले. नागपूरचे चोखामेळा वसतिगृह विदर्भातल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांचे घर ठरले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात जमणाऱ्या तरुणांमध्ये ज्या चर्चा झडल्या, त्यांचा १९७२ च्या दलित पँथरच्या जन्माशी जवळचा संबंध आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये बोर्डिंगचे दिवस येतात, भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ मधल्या ‘कोसला’तला खानदेशी तरुण पुण्याच्या हॉस्टेलात जे भोगतो, ते मराठी कादंबरीचे वळण ठरले. वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधताना गोरगरीब यात्रेकरूचा विचार केला होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली आणि वारकऱ्याच्या निवाऱ्याची जागा विद्यार्थ्यांच्या कामी आली. स्वतः निरक्षर असलेल्या या संताला जे दिसले, ते असे: उपाशी माणसाला अन्न आणि गरीब मुलाला शिक्षण या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

दुसरा आक्षेप आठवणींबद्दल आहे. म्हातारपणी सगळेच गोड वाटते. ढेकणांनी भरलेल्या खाटा, खरूज, अर्धपोटी दिवस, रेक्टरचा मार, मोठ्या मुलांची दांडगाई हे विसरून माणसे पंगतीच्या गप्पा सांगतात, असे म्हटले जाते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे, कारण निवासी संस्थेत मूल पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असते आणि तो हात नालायक निघाला तर त्याला पळून जायलाही जागा नसते. महाराष्ट्रातल्या आदिवासी आश्रमशाळांमध्ये झालेल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इतका गंभीर झाला की डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये त्यावर अहवाल दिला. आठवणींच्या गोडव्याने हे झाकता येत नाही आणि झाकू नये. पण या दुखण्याचे निदान नीट केले पाहिजे. जिथे मुलांचा मेसच्या कारभाराशी काही संबंध उरला नाही, जिथे अन्न ठेकेदाराकडून आले आणि अधिकारी मुक्कामाला राहिला नाही, तिथे हाल अधिक झाले. साने गुरुजी आणि भाऊराव मुलांबरोबर राहत, जेवत. त्यांच्या वसतिगृहांना जे साधले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. आठवणीत पंगत टिकते आणि भिंती विरून जातात, हे केवळ मनाचे खेळ नाहीत. जिथे पंगत खरी होती तिथलीच माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येतात. जिथे ती नव्हती त्या संस्थांचे माजी विद्यार्थी सहसा कुठे जमत नाहीत.

आता वर्तमानाकडे येऊ, कारण या इतिहासाची खरी परीक्षा इथे आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारचा कल वसतिगृह बांधण्याकडून विद्यार्थ्याच्या बँक खात्यात रक्कम भरण्याकडे गेला आहे. अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी निघालेल्या निर्वाह भत्त्याला तर डॉ. पंजाबराव देशमुखांचेच नाव आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचे ठरवले, तेव्हा जुलै महिन्यात विद्यार्थी निषेधासाठी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. वरवर पाहता हे नवल आहे: हातात रोख पैसा मिळत असताना तरुण मुले मेस परत मागण्यासाठी रस्त्यावर चालतात. वसतिगृहांचा इतिहास माहीत असलेल्याला त्यात नवल वाटणार नाही.

रोख रकमेच्या बाजूचा युक्तिवादही भक्कम आहे आणि तो पूर्ण ऐकून घ्यायला हवा. गरजू विद्यार्थी लाखोंनी, वसतिगृहांच्या जागा थोड्या. इमारत उभी राहायला वर्षे लागतात, पैसा मात्र याच सत्रात देता येतो. ठेकेदाराच्या निकृष्ट जेवणापेक्षा मुलाने आपल्या पसंतीचा डबा लावावा, यात त्याचा मानही राहतो. शिवाय आता तालुक्याला महाविद्यालये झाली, एसटी गावोगाव गेली, बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मग परगावी राहण्याची गरजच घटली, असेही म्हणता येते. यातला पहिला मुद्दा बिनतोड आहे: ज्याला आज जागा नाही, त्याला आज पैसे दिलेच पाहिजेत. पण आकडे तपासू. स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा महापालिका नसलेल्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला वर्षाला ४३,००० रुपये ठरले. त्यांपैकी २५,००० भोजनाचे, १२,००० निवासाचे आणि ६,००० निर्वाहाचे. भोजनाची रक्कम वर्षाच्या दिवसांवर विभागली तर दिवसाला सत्तर रुपयेही होत नाहीत. शंभर मुलांच्या मेसला घाऊक भावाने धान्य आणि एक चूल असते. एकट्या मुलाला मात्र त्या पैशात दोन वेळचे पोट भरण्यासाठी स्टोव्हवर पोहे किंवा खिचडी शिजवावी लागते. रक्कम उशिरा जमा झाली की खानावळवाल्याची उधारी. आणि तालुक्याच्या महाविद्यालयाने पदवी मिळाली तरी अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी किंवा स्पर्धा परीक्षा यांची वाट अजूनही अमरावती, अकोला, नागपूर, पुण्याकडेच जाते. तिथे कॉट बेसिसवर दहा बाय दहाच्या खोलीत चारजण राहतात. चौघेही बहुतेक एकाच गावचे, एकाच जातीचे, एकमेकांच्या ओळखीने आलेले असतात, कारण घरमालकही ओळखीशिवाय खोली देत नाही आणि आडनाव विचारल्याशिवाय कित्येक जण देतच नाहीत. शंभर वर्षांपूर्वी वार लावण्याच्या पद्धतीत जो दोष होता, तो इथे परत आला आहे: शहरात ज्याची माणसे आहेत त्याची सोय होते.

मुलींच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. महर्षी कर्व्यांनी विधवा आणि निराधार स्त्रियांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले तेव्हा सुरुवात आश्रमापासून केली, आणि हिंगण्याला राहण्या-जेवण्याची सोय झाल्यावर मग शाळा वाढली. वर्गाआधी निवारा हा क्रम त्यांना परिस्थितीने शिकवला. आजही कामरगावच्या शेतकरी बापाला मुलीच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा निरोप आला, तर तेवढ्यावर तो तिला अमरावतीला एकटी खोली करून राहू देईल, ही शक्यता कमी. तिथे वसतिगृह आहे, मेस आहे, गृहपाल आहेत, गावातल्या आणखी दोघी तिथे राहतात, हे ऐकले की त्याचा जीव भांड्यात पडतो. मुलीच्या शिक्षणात पैशाइतकाच विश्वास लागतो, आणि विश्वास अनुदानाच्या आकड्यातून येत नाही, तो चालत्या-बोलत्या संस्थेतून येतो.

म्हणून वसतिगृहाच्या आठवणींकडे धोरण ठरवणाऱ्यांनी पुरावा म्हणून पाहावे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. त्या आठवणी सांगतात की परजिल्ह्यातल्या, परजातीतल्या मुलाबरोबर वर्षानुवर्षे जेवलेला माणूस पुढे शिक्षक, तहसीलदार, आमदार किंवा डॉक्टर झाला, तर त्याच्या वागण्यात त्या पंगतीचा अंश उरतो. रोख भत्ता हे आजच्या टंचाईवरचे औषध आहे आणि ते चालू राहावे, वेळेवर मिळावे, महागाईप्रमाणे वाढावे. पण त्याला वसतिगृहाचा पर्याय मानले तर एका मोठ्या परंपरेवर पाणी सोडल्यासारखे होईल. वाशीमसारख्या जिल्ह्यात, ज्याची गणना देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत होते आणि ज्याने शेतकरी आत्महत्यांचा काळ भोगला आहे, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व समाजांच्या मुलामुलींची वसतिगृहे हवीत. त्यांतल्या मेसचा कारभार ठेकेदाराच्या हाती न देता विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्यावा, हिशोबाची वही भिंतीवर लावावी आणि गृहपालाने त्याच पंगतीत जेवावे असा नियम करावा. सरकारी, संस्थांची आणि समाजांची वेगवेगळी वसतिगृहे एकाच आवारात आली तर निदान मेस तरी सर्वांची एक करावी. १८९६ मध्ये कोल्हापुरात जे जमले नाही आणि १९२७ मध्ये अमरावतीत जे सुरू झाले, ते काम अजून अर्धेच झाले आहे. ते पुरे करायला नवी कल्पना शोधावी लागणार नाही, जुनी कोठी पुन्हा उघडण्याची तयारी तेवढी हवी.